प्रेअरीतल्या छोट्या गावात रिकामा प्लॉट घ्यावा का?

उत्तरा (१४ मार्च, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात (प्रेअरी म्हणजे इथला सपाट गवताळ प्रदेश), रिजायनाला राहतो. पीआर (कायमचा रहिवास) झालं आहे, मुलगी तिसरीत आहे, नवरा बराचसा आठवडा घरूनच काम करतो. शहराबाहेर, गाडीने दीडेक तासावर एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. वस्ती दोनशेच्या आतबाहेर. तिथे गावाच्या ताब्यातले काही रिकामे प्लॉट विकायला आहेत. ५० बाय १२० फूट, म्हणजे आपल्या हिशेबात साडेपाच गुंठे, आणि किंमत फक्त काही हजार डॉलर. रिजायनात एवढ्या पैशांत जुन्या घराचं छप्परही बदलून होत नाही.

गाव आम्हाला मनापासून आवडलं. कारागानाच्या झुडपांची कुंपणं, एक को-ऑप (सहकारी दुकान), पोस्ट, बर्फावरच्या खेळांची रिंक, आणि चारी बाजूंना आभाळ. घर बांधून राहायचा विचार आहे, पण लगेच नाही. दोनेक वर्षांनी.

इतकं स्वस्त असण्यामागे काय कारण असतं? घेण्याआधी काय काय पाहावं? प्रेअरीत राहणाऱ्यांनी किंवा राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

सदाफळ (१४ मार्च, रात्री १०:१५)

डोळे झाकून घ्या. जमीन कधी वाया जात नाही. माझ्या वडिलांनी पनवेलला कोणी विचारत नव्हतं तेव्हा प्लॉट घेतला, आज त्यावर आमचं सगळं उभं आहे. इतक्या कमी किमतीत मिळत असेल तर एक नाही, तीन घ्या आणि दहा-पंधरा वर्षं विसरून जा.

---

कोरडवाहू (१५ मार्च, सकाळी ७:०५)

सदाफळ, तुमच्या वडिलांनी योग्यच केलं, पण पनवेलचा हिशेब इथे लागू पडत नाही. तिथे माणसं येणार होती. इथल्या बहुतेक गावांतून माणसं गेली आहेत, म्हणून तर प्लॉट रिकामे आहेत.

उत्तराताई, मी याच प्रांतात एका छोट्या गावात बरीच वर्षं राहतो, काही काळ गावाच्या कौन्सिलवरही होतो. कौन्सिलच्या टेबलावरून ही गोष्ट कशी दिसते ते सांगतो.

रिकामा प्लॉट गावाला परवडत नाही. पाण्याची लाइन त्याच्यासमोरून जाते, रस्त्यावरचा बर्फ तिथेही काढावा लागतो, पण पाण्याचं बिल भरणारं कोणी नसतं. शाळेत पोर नाही, अग्निशमनाच्या स्वयंसेवक पथकात माणूस नाही. म्हणून गाव तो प्लॉट जवळपास फुकट द्यायला तयार होतं. मॅनिटोबातल्या पाइपस्टोन नगरपालिकेने तर १० डॉलरला प्लॉट दिले. त्या १० डॉलरमागे अपेक्षा एकच असते, की तुम्ही घर बांधाल आणि राहाल. तीन प्लॉट घेऊन विसरून जाणारा मालक गावाच्या दृष्टीने रिकाम्या प्लॉटपेक्षाही वाईट, कारण आता तो प्लॉट दुसऱ्या कुणाला देताही येत नाही.

गावांकडे आपल्या बचावाची साधनंही आहेत. विक्रीच्या करारात बहुतेक वेळा मुदतीची अट असते: अमुक महिन्यांत बांधकाम सुरू नाही, तर प्लॉट परत. दुसरं म्हणजे कर. सस्कॅचेवानच्या गावांना मालमत्तेच्या मूल्यावरच्या कराशिवाय ‘बेस टॅक्स’ किंवा ‘मिनिमम टॅक्स’ लावता येतो. प्लॉटचं मूल्य कितीही कमी असो, वर्षाला ठरलेली किमान रक्कम भरावीच लागते. काही ठिकाणी चार-पाच वर्षांचा कर प्लॉटच्या किमतीइतका होतो. वर उन्हाळ्यात गवत वाढलं तर गाव ते कापून घेतं आणि खर्च तुमच्या कराच्या बिलात जोडतं.

तुम्ही दोन वर्षांनी बांधणार म्हणता, तेव्हा या दोन गोष्टी सगळ्यात आधी विचारा. मुदत किती आहे आणि किमान कर किती.

---

सदाफळ (१५ मार्च, सकाळी ८:३०)

हे मला नवीन आहे. पण मग विकताना काहीच मिळत नाही असं म्हणायचंय का?

---

कोरडवाहू (१५ मार्च, दुपारी १२:५०)

नुसत्या प्लॉटचं म्हणाल तर नाहीच मिळत. गाव शेजारचाच प्लॉट काही हजारांना विकत असताना तुमचा कोण जास्त देऊन घेईल? बांधलेल्या घराचंही तसंच. समजा घर बांधायला साडेतीन लाख लागले, तर विकायला काढल्यावर तेवढे येतील असं नाही. बँकेचा मूल्यांकनकर्ता आसपास विकलेल्या घरांचे भाव बघतो, आणि आसपास विकलेली घरं १९५०-६०च्या दशकातली असतात. त्यामुळे कर्जही खर्चावर मिळत नाही, त्या मूल्यावर मिळतं. उरलेले पैसे तुमच्या खिशातून. मोठ्या बँका अशा गावांत कर्ज द्यायला कचरतात. आधी जवळच्या क्रेडिट युनियनमध्ये (सहकारी पतसंस्थेत) जाऊन बसा, त्यांना गाव माहीत असतं.

---

पाऊलखुणा (१५ मार्च, रात्री ९:२०)

स्वस्ताईच्या कारणाला इतिहास आहे, तो थोडक्यात लिहितो, कारण प्लॉट पाहताना तो खरंच उपयोगी पडतो.

ही भूमी क्री, सोतो, नाकोडा या मूळनिवासी लोकांची. दक्षिण सस्कॅचेवानचा मोठा भाग त्यांनी ब्रिटिश राजसत्तेशी केलेल्या १८७४च्या चौथ्या तहात आणि मधला भाग १८७६च्या सहाव्या तहात येतो. त्याआधीच, १८७२च्या डोमिनियन लँड्स अ‍ॅक्टने होमस्टेडची व्यवस्था केली होती: १० डॉलर फी भरा, राहा, जमीन नांगराखाली आणा आणि १६० एकरांची मालकी मिळवा. सगळा प्रदेश चौकटींत मोजला गेला. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिच्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शनचे चार क्वार्टर. विमानातून दिसणारे ते चौकोन म्हणजे हीच मोजणी.

मग रेल्वे आली. घोडागाडीने धान्य आणून दिवसभरात परत जाता यावं इतक्या अंतरावर एकेक स्टेशन, एकेक धान्याचं एलेव्हेटर (धान्य साठवून रेल्वेत भरायचं उंच कोठार) आणि भोवती गाव. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने तर स्टेशनांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवली: इटुना, जॅस्मिन, केलिहर, लेस्टॉक, आणि पुढे वॉट्रसनंतर झीना, यंग, झेल्मा. रेल्वे कंपन्यांनी गावांचे आराखडे मोठ्या आशेने आखले. लोकसंख्या हजारांत जाईल असं धरून प्लॉट पाडले. काही प्लॉटवर कधीच घर उभं राहिलं नाही.

१९३०च्या दशकात तिन्ही प्रेअरी प्रांतांत (मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा) मिळून साडेपाच हजारांहून अधिक एलेव्हेटर होते. ट्रक आले, शेतं मोठी झाली, रेल्वेच्या शाखा बंद पडत गेल्या. १९९५मध्ये धान्याच्या रेल्वेवाहतुकीचं जुनं अनुदान संपलं आणि उरलेले छोटे एलेव्हेटरही झपाट्याने पडले. एलेव्हेटर गेलं की दुकान जातं, दुकान गेलं की शाळा डगमगते.

आता उपयोगाचा मुद्दा. रिकामा प्लॉट दोन प्रकारचा असतो: कधीच न बांधलेला, आणि घर पाडून रिकामा झालेला. दुसऱ्या प्रकारात जमिनीखाली जुनं तळघर, फुटलेलं काँक्रीट, बुजवलेली विहीर असं काहीही असू शकतं. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर तिथे पूर्वी पेट्रोलपंप किंवा गॅरेज होतं का ते नक्की विचारा. जमिनीत पुरलेल्या जुन्या टाक्यांमुळे माती दूषित झाली असेल तर साफसफाईचा खर्च प्लॉटच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. रेल्वेलगतच्या जागेलाही हेच लागू. सकाळी को-ऑपमध्ये किंवा कॅफेत ‘कॉफी रो’ला बसणारी म्हातारी मंडळी असतात, त्यांना विचारा. कुठल्या प्लॉटवर काय होतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

---

रेगूर (१६ मार्च, सकाळी १०:१०)

मी मूळचा सोलापूरचा, इमारतींच्या पायाची कामं करतो (भू-तांत्रिक, म्हणजे माती तपासून पाया ठरवायचा). पाऊलखुणांनी जमिनीखालचं सांगितलं, मी जमिनीचंच सांगतो.

रिजायनाच्या भोवतीचा सपाट प्रदेश म्हणजे हिमयुगाच्या शेवटी तयार झालेल्या एका मोठ्या तळ्याचा तळ. तिथली जड चिकणमाती आपल्या काळ्या रेगूर मातीसारखीच वागते: पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. इथले लोक तिला ‘गंबो’ म्हणतात. तिच्यावरच्या तळघरांच्या भिंती सरकतात, फरशा उचलल्या जातात. त्यात हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. म्हणून पाण्याच्या लाइनी अडीच मीटर किंवा त्याहून खाली टाकतात, आणि पाया मातीचा प्रकार पाहूनच ठरवावा लागतो. कुठे स्क्रू पाइल (जमिनीत फिरवून घातलेले लोखंडी खांब) चालतात, कुठे ओतीव काँक्रीटचे पाइल लागतात. दीडेक तास लांब गेल्यावर माती वेगळीही असू शकते, वाळूमिश्रित असेल तर नशीब. खरेदीच्या ऑफरमध्ये ‘मातीची तपासणी समाधानकारक असल्यास’ अशी अट घाला आणि एक भोक पाडून घ्या. हा खर्च टाळू नका, अगदी कळकळीने सांगतो.

दुसरं, प्लॉट एप्रिलमध्ये पाहा. बर्फ वितळताना पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं. जमीन खाली गोठलेली असल्यामुळे ते मुरत नाही. २०११ आणि २०१४ साली आग्नेय सस्कॅचेवानमध्ये पूर आले, त्या वर्षी त्या गल्लीत पाणी होतं का हेही विचारा.

---

प्राजक्त (१६ मार्च, दुपारी १:००)

वाचतेय. आमचाही असाच विचार चालू आहे, अल्बर्टात. रेगूर, तुमच्या प्रतिसादाबद्दल खास आभार.

---

निफाडकर (१६ मार्च, रात्री ११:४५)

धाग्याला थोडा जोडून प्रश्न. माझी बहीण सस्कटूनला असते. मी इथे नाशिकलाच. मला तिच्या नावावर न घेता स्वतःच्या नावावर तिथे थोडी शेतजमीन घ्यायची आहे. आपण शेतकरी, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव आहेच. चालतं का?

---

कोरडवाहू (१७ मार्च, सकाळी ६:५५)

दादा, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, इथे विचारतात तुम्ही कॅनडाचे रहिवासी आहात का. सस्कॅचेवानच्या फार्म सिक्युरिटी कायद्याप्रमाणे नागरिक किंवा पीआर नसलेल्या आणि कॅनडात न राहणाऱ्या माणसाला सगळी मिळून १० एकरांपर्यंतच शेतजमीन ठेवता येते. मॅनिटोबात ही मर्यादा ४० एकर, अल्बर्टात दोन तुकडे मिळून २० एकर. तुमच्या पैशाने बहिणीच्या नावावर घ्यायचा मार्ग कोणी सुचवला तर त्या वाटेला जाऊ नका, फार्म लँड सिक्युरिटी बोर्ड पैसा कुठून आला याची चौकशी करू शकतं आणि जमीन विकायला लावू शकतं.

गावाच्या हद्दीतला घराचा प्लॉट मात्र शेतजमिनीत मोडत नाही. परदेशी लोकांना घरखरेदीची जी केंद्रीय बंदी १ जानेवारी २०२३पासून आहे, ती मोठ्या शहरी भागांपुरती आहे, आणि मार्च २०२३च्या दुरुस्तीनंतर रिकामी जमीन तिच्यातून वगळली आहे. पण तुम्ही तिथे राहणार नसाल तर वर लिहिलंय ते सगळं तुम्हाला दुप्पट लागू होतं.

---

ताळेबंद (१७ मार्च, सकाळी ९:३०)

निफाडकर, भारतातल्या बाजूचं: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली (परदेशात पैसे पाठवायची सवलत) माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यातून परदेशात स्थावर घेता येतं. प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात (शेड्यूल एफए) ती दरवर्षी दाखवावी लागते, प्लॉट कितीही छोटा असो. पुढे विकताना कॅनडाबाहेर राहणाऱ्या विक्रेत्याला तिथल्या महसूल खात्याकडून क्लिअरन्स सर्टिफिकेट काढावं लागतं, नाहीतर घेणारा किमतीतला मोठा हिस्सा रोखून ठेवतो.

---

गव्हाळ (१८ मार्च, रात्री ८:२५)

आम्ही अशाच गावात घर केलं आणि समाधानी आहोत, म्हणून लिहिते.

आम्ही आरटीएम घेतलं, म्हणजे ‘रेडी टू मूव्ह’. घर बिल्डरच्या यार्डात पूर्ण बांधतात आणि मोठ्या ट्रेलरवरून रात्री-पहाटे रस्ता मोकळा करून आणतात. प्रेअरीत हे सर्रास चालतं. छोट्या गावात सुतार, प्लंबर मिळवणं हीच मोठी अडचण असते, ती यात बरीच सुटते. पण पाया, वीज, गॅस, पाणी तुमच्याकडे. कोटेशन घेताना सस्कपॉवर (वीज) आणि सस्कएनर्जी (गॅस) या प्रांताच्या कंपन्यांकडून जोडणीचा अंदाज लेखी मागवा. तार किंवा पाइप प्लॉटपासून किती लांब आहे यावर सगळं अवलंबून असतं. बांधकामाच्या मजुरीवरही इथे ६ टक्के पीएसटी (प्रांताचा विक्रीकर) लागतो, २०१७पासून. तो बजेटमध्ये धरा.

पाणी-मलवाहिनीबद्दल ‘सर्व्हिस आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘कर्ब स्टॉप’ (गावाच्या लाइनीवरून घराचं पाणी चालू-बंद करायचा जमिनीतला व्हॉल्व्ह) प्लॉटच्या हद्दीवर आहे का, चालतो का, आणि सांडपाण्याची लाइन कुठे बंद केली आहे, हे विचारा. पाण्याच्या चाचण्यांचे अहवाल मागा, उकळून प्या अशी सूचना कधी लागली होती का तेही. आमच्याकडचं विहिरीचं पाणी सुरक्षित आहे, पण इतकं जड आहे की सॉफ्टनर आणि आरओशिवाय डाळ शिजत नाही.

कागदपत्रांत: आयएससीकडून (प्रांताची जमीन-नोंदणी चालवणारी कंपनी) टायटल, म्हणजे मालकीची नोंद, काढून घ्या. सरकार हमी देतं ते टायटल असतं, त्यामुळे आपल्याकडच्यासारखं तीस वर्षांचं सर्च लागत नाही. पण त्याच्यावर कोणाकोणाचे हक्क नोंदलेले आहेत ते वकिलाकडून नीट समजून घ्या. खनिजांचं टायटल वेगळं असतं, ते तुम्हाला मिळणार नाही असंच धरा. जुन्या मेन स्ट्रीटवर २५ फुटी प्लॉट असतात. ५० फूट म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ती दोन पार्सलं (वेगळे नोंदलेले तुकडे) असतात, आणि मधल्या रेषेवर घर बांधायला ती आधी एकत्र करावी लागतात.

---

माई_दवाखाना (१९ मार्च, सकाळी ५:५०)

मी नर्स आहे, छोट्या गावात काम करते, रात्रपाळी संपवून लिहितेय.

सगळ्यांनी जमिनीचं लिहिलं. मी अंतराचं लिहिते. ग्रामीण इस्पितळातला तातडीचा विभाग डॉक्टर किंवा नर्स कमी पडल्यामुळे मधूनमधून बंद ठेवावा लागतो, आणि मग अ‍ॅम्ब्युलन्सला पुढच्या शहरात जावं लागतं. तुमच्या गावापासून सगळ्यात जवळचा, चोवीस तास उघडा असणारा विभाग कोणता, हे उत्तराताई, प्लॉटच्या मापापेक्षा आधी विचारा. मुलगी लहान आहे म्हणून जास्त आग्रहाने सांगते.

प्रांताची सरकारी बससेवा मे २०१७अखेर बंद झाली, ग्रेहाउंडने २०१८मध्ये पश्चिम कॅनडा सोडला. म्हणजे गाडी चालवू न शकणाऱ्या माणसाला गावाबाहेर जायला कोणाचीतरी गाडी मागावी लागते. सासू-सासरे किंवा आई-वडील येऊन राहणार असतील तर हे त्यांच्याशी आधी बोला. भारतात रोज कट्ट्यावर बसणारी माणसं जानेवारीत खिडकीशी बसून राहतात, हे मी जवळून पाहिलंय.

शाळा गावात आहे का, कितवीपर्यंत आहे, आणि पुढच्या वर्गांत किती मुलं आहेत? पहिलीत तीन मुलं असतील तर पुढच्या काही वर्षांत काय होणार ते कळतं.

एवढं लिहूनही मी इथेच राहते, आणि जायचा विचार नाही. आमच्या घरी माणूस आजारी होता तेव्हा कोणीही न सांगता दारासमोरचा बर्फ रोज काढलेला असायचा. शरद ऋतूतल्या सामुदायिक जेवणाला (फाउल सपर) मी बटाट्याची भाजी नेते, आता लोक ती आधीच विचारून ठेवतात.

---

सदाफळ (१९ मार्च, सकाळी ९:००)

माई, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं. तीन प्लॉटचा सल्ला मी मागे घेतो.

---

उत्तरा (२६ एप्रिल, रात्री १०:०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून नेले आणि गावाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाईंसमोर बसले. कार्यालय आठवड्यातून दोनच दिवस उघडतं. त्यांनी वेळ घेऊन सगळं सांगितलं.

बांधकाम सुरू करायची मुदत दोन वर्षं आहे, पण कौन्सिल एकदा वाढवून देऊ शकतं, तसं लेखी मागितलं तर. किमान कर आम्हाला झेपेल असा आहे. आम्ही पाहिलेला प्लॉट दोन पार्सलांचाच निघाला! गव्हाळ, तुमच्यामुळे विचारलं. कर्ब स्टॉप आहे, पण शेवटचा कधी उघडला ते त्यांनाही माहीत नव्हतं, बर्फ गेल्यावर गावाचा माणूस तपासणार आहे. त्या जागी आधी घर होतं, ते पाडलेलं आहे. तळघर भरून टाकलं की काढून टाकलं याची नोंद कार्यालयात नाही.

कॉफी रोला जाऊन बसलो. एका आजोबांनी लगेच सांगितलं की भिंती आत ढकलून वर माती टाकली होती. शेजारच्या गल्लीतला एक प्लॉट मात्र कधीच बांधलेला नाही, तिथे पूर्वी कोणीतरी बटाटे लावायचे. गेल्या आठवड्यात वितळलेलं पाणी पाहिलं: पहिल्या प्लॉटवर घोटाभर, बटाट्याच्या प्लॉटवर नाही.

शाळा आठवीपर्यंत आहे. पहिलीत सात मुलं. चोवीस तास उघडा तातडीचा विभाग पन्नास मिनिटांवर. यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.

---

रेगूर (२७ एप्रिल, सकाळी ७:४०)

बटाट्याचा प्लॉट. पहिल्याचा विचार सोडा. भरलेल्या तळघरावर पाया घ्यायचा तर सगळं उकरून, बाहेर नेऊन, नवी माती थरांत दाबून भरावी लागेल. तरी बटाट्याच्या प्लॉटवरही तपासणीचं भोक पाडायचंच.

---

कोरडवाहू (२७ एप्रिल, दुपारी १:१५)

रेगूरना दुजोरा. मुदतवाढीचं मात्र कौन्सिलच्या ठरावात येऊ द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या शब्दावर नको. त्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी उद्या बदलून जातील, ठराव राहतो. ऑफर वकिलामार्फत द्या आणि तीन अटी घाला: मातीची तपासणी, कर्ब स्टॉप चालू असल्याची गावाकडून लेखी खात्री, आणि कर्जाची मंजुरी.

आणि एक सुचवतो. जमलं तर येत्या हिवाळ्यात त्या गावात महिनाभर भाड्याने राहून पाहा, जानेवारी किंवा फेब्रुवारीत. मुलीला रिंकवर पाठवा, तुम्ही पोस्टात, को-ऑपमध्ये जा. माईंनी विचारायला सांगितलेल्या तातडीच्या विभागापर्यंतचा पन्नास मिनिटांचा रस्ता वादळी वाऱ्यात कसा दिसतो तेही कळेल. प्लॉट तोवर कोणी नेणार नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे.

---

उत्तरा (२७ एप्रिल, रात्री ९:३०)

गावातच एका आजींच्या घराचा वरचा मजला फेब्रुवारीत मिळू शकेल असं को-ऑपमध्ये कळलं होतं. त्यांना उद्या फोन करते. ऑफरचा मसुदा वकिलाकडे गेला की अटींची भाषा इथे टाकेन, प्राजक्तलाही उपयोगी पडेल.